साचा आणि बाहेरून आलेला मजकूर

शाळेचा वार्षिक अहवाल, ग्रंथालयाची ग्रंथसूची किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका ही बहुधा अनेक हातांनी तयार होत असते. क्रीडावृत्तांत कोणी भ्रमणध्वनीवरून पाठवितो, विज्ञानमंडळाचा वृत्तांत मागील वर्षीच्या फाइलीतून उचललेला असतो, अनुदानाचे आकडे एखाद्या संकेतस्थळावरून घेतलेले असतात. या सर्वांना एका सूत्रात ओवण्यासाठी कार्यालयात एक साचा, म्हणजे टेम्प्लेट, ठरवून ठेवलेला असतो. समास किती सोडावा, मथळ्याचे अक्षर केवढे असावे, परिच्छेदाची पहिली ओळ किती आत घ्यावी, हे सारे त्यात आधीच नेमून दिलेले असते. असे असूनही तयार प्रत हाती घेतली की एका पानावरील अक्षर मोठे, दुसऱ्यावरील बारीक, आणि तिसऱ्या पानावर शब्दांच्या मागे करडी पट्टी, असा प्रकार पुष्कळदा दृष्टीस पडतो. साच्यात काही उणे असते असे नाही. मजकूर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी चिकटविण्याची जी क्रिया, तिच्यातच या विसंगतीचे मूळ असते. आणि ती क्रिया दिसते तितकी साधी नाही.

शिशाच्या खिळ्यांच्या छापखान्यात ही अडचण उद्भवतच नसे. लेखकाचे हस्ताक्षर सुवाच्य असो वा गिचमिड, कागद पांढरा असो वा पिवळा, जुळारी त्यातून केवळ शब्द घेत असे. खिळे त्याच्या पुढ्यातील खणांत असत, आणि कोणत्या मापाचे खिळे कोठे वापरावयाचे हे छापखान्याने ठरविलेले असे. हस्तलिखितातील जांभळी शाई छापील पानावर उतरण्याचा संभवच नव्हता. संगणकाने जुळाऱ्याचा हा टप्पा काढून टाकला. आता लेखकाचे शब्द थेट अंतिम पानावर येतात, आणि येताना आपला मूळचा पोशाख अंगावर घेऊन येतात.

शब्द आणि त्यांची मांडणी या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्यात, हा विचार संगणकाच्या क्षेत्रातही बराच जुना आहे. १९६७ साली विल्यम टनिक्लिफ या मुद्रणतज्ज्ञाने कॅनडाच्या शासकीय मुद्रणालयातील एका बैठकीत तो मांडला होता. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब व त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच दिशेने एक खुणांची पद्धती रचली. मजकुरात ‘हा शब्द जाड करा’ असे न लिहिता ‘हा मथळा आहे’ एवढेच सांगावयाचे, आणि मथळा कसा दिसावा हे दुसरीकडे एकदाच ठरवावयाचे, हे तिचे सार होते. आजच्या वर्ड किंवा लिबरऑफिस यांसारख्या प्रोग्रॅममध्ये ज्याला ‘शैली’ म्हणतात, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

फाइलीच्या पोटात काय असते

संगणकाच्या दृष्टीने अक्षर म्हणजे एक क्रमांक. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा एक गट राखून ठेवलेला आहे. त्यात ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि ‘म’ चा २३५० आहे. या क्रमांकावरून अक्षर मोठे की लहान, काळे की तांबडे, यांपैकी काहीच कळत नाही. ती माहिती फाइलीत निराळी नोंदलेली असते. २००७ पासून प्रचारात आलेली वर्डची फाइल म्हणजे वस्तुतः अनेक लहान फाइलींचे एक गाठोडे होय. त्यात मजकूर एका भागात आणि शैलींच्या व्याख्या दुसऱ्या भागात असतात.

अक्षराचे अंतिम रूप मात्र एका थरावर दुसरा थर चढून ठरते. सर्वांत खाली संपूर्ण दस्तऐवजाचे मूळ नियम असतात. त्यावर परिच्छेदाची शैली, तिच्यावर एखाद्या शब्दास लावलेली अक्षरशैली, आणि सर्वांत वर हाताने केलेली थेट मांडणी. शब्द निवडून माप १६ केले किंवा रंग निळा केला, म्हणजे थेट मांडणी झाली. वरच्या थराने काही सांगितले असेल तर खालच्याचे चालत नाही. त्यामुळे साच्यातील मथळ्याची शैली उद्या बदलली, तर ती शैली लावलेले सगळे मथळे एका क्षणात बदलतात. पण ज्या मथळ्यावर हाताने मांडणी केलेली आहे, तो जागचा हलत नाही. बाहेरून आलेला मजकूर आपल्याबरोबर नेमका हा वरचा थर घेऊन येतो.

मजकूर उचलून चिकटविण्याची आजची रीत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘जिप्सी’ नावाच्या प्रोग्रॅमसाठी सिद्ध केली. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतील कात्री आणि डिंक यांचेच ते रूपांतर होते. मात्र कागदाचा कपटा एकच असतो. संगणकाच्या क्लिपबोर्डवर एकाच मजकुराची अनेक रूपे एकाच वेळी ठेवलेली असतात. एक रूप नुसत्या अक्षरांचे, दुसरे मांडणीसह, तिसरे संकेतस्थळांच्या भाषेतील. घेणारा प्रोग्रॅम त्यांपैकी आपणास मानवेल ते रूप उचलतो, आणि काही सांगितले नाही तर बहुधा सर्वांत सजविलेले रूपच घेतो. संकेतस्थळावरील परिच्छेद अहवालात आणला की त्यामागील करडा रंगही येतो, याचे कारण हे.

म्हणून चिकटविताना वर्ड तीन मुख्य पर्याय पुढे करतो. पहिल्यात मूळची मांडणी जशीच्या तशी राहते. दुसऱ्यात मजकूर नव्या जागेची शैली धारण करतो, पण वाक्यातील एखाददुसरा शब्द ठळक किंवा तिरका असेल तर तो ठसा टिकून राहतो. तिसऱ्यात केवळ अक्षरे येतात. बाकी सर्व गळून पडते. नव्या आवृत्त्यांत हा तिसरा पर्याय कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या तीन कळा एकदम दाबून मिळतो. लिबरऑफिसमध्ये त्यांच्या जोडीला ऑल्ट ही कळही दाबावी लागते.

तिसरा पर्याय सर्वांत सुरक्षित, म्हणून नेहमी तोच वापरावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

मांडणीत दडलेला अर्थ

प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३० कोटी मीटर आहे. भौतिकीच्या प्रश्नपत्रिकेत तो ‘३ × १०’ असे लिहून दहाच्या डोक्यावर बारीक ८ मांडून दर्शविला जातो. हा बारीक ८ म्हणजे अक्षर म्हणून साधाच ८ असतो. त्याला वर उचलण्याचे काम मांडणी करते. नुसती अक्षरे चिकटविली की तो खाली उतरतो आणि ‘३ × १०८’ असा आकडा उरतो. गुणाकार केल्यास ३२४ मीटर येतात. हवेतील ध्वनीचा वेग शून्य अंश सेल्सिअस तापमानास सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो. म्हणजे या प्रश्नपत्रिकेत प्रकाश ध्वनीच्याही मागे पडला! पान दिसावयास निर्दोष असते, अक्षरे सारखी असतात, आणि म्हणूनच ही चूक तपासनिसाच्या नजरेतून निसटते. पाण्याच्या रासायनिक सूत्रातील खालचा २ वर येतो, तेव्हा निदान वाचणारा तो ओळखतो. घातांकाच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही.

तीच गोष्ट वनस्पतींच्या शास्त्रीय नावांतील तिरक्या अक्षरांची आणि तक्त्यांची. नुसती अक्षरे घेतली की तक्त्याचे रकाने मोडून आकडे एकामागून एक ओळीने उभे राहतात. आपोआप पडणारे क्रमांक टंकलिखित अक्षरे होऊन बसतात. मग साच्यातील क्रमांकाची शैली लावली की प्रत्येक मुद्द्यापुढे दोन दोन क्रमांक दिसतात. गणित, रसायन आणि आकडेवारी यांच्या पानांसाठी म्हणूनच दुसरा पर्याय किंवा नियंत्रित स्वरूपात पहिला पर्याय वापरणे इष्ट, आणि कोणताही वापरला तरी घातांक मूळ प्रतीशी ताडून पाहणे अपरिहार्य.

परिच्छेदाच्या शेवटी एक अदृश्य खूण असते. कंट्रोल, शिफ्ट व ८ या कळा दाबल्या की ती वर्डमध्ये ¶ अशी दिसू लागते. परिच्छेदाची शैली, ओळींमधील अंतर व पहिल्या ओळीची सूट ही सर्व माहिती वर्ड या खुणेशी जोडून ठेवतो. खुणेसह मजकूर उचलला तर परिच्छेदाचे रूप बरोबर येते. खूण वगळून उचलला तर तो नव्या परिच्छेदात मिसळतो. केवळ एवढी काळजी घेतल्याने पुष्कळ त्रास वाचतो, आणि तरीही फारच थोडे लोक ती घेतात. ‘विभागखंड’ या नावाची आणखी एक खूण पानाचा आकार, समास आणि पानाच्या माथ्यावरील व पायथ्यावरील मजकूर सांभाळते. दुसऱ्याची संपूर्ण फाइल एकदम उचलून आणली की तीही येते, आणि आपल्या अहवालाच्या निम्म्या पानांच्या माथ्यावर दुसऱ्याच संस्थेचे नाव झळकू लागते.

दोन्ही फाइलींत एकाच नावाची शैली असेल, तर काय होते? नव्या जागेच्या शैली वापरावयाच्या असे सांगितले असल्यास नाव जुळले की व्याख्या साच्याची लागू होते. मजकूर पाठविणाऱ्यांना आधीच साचा देऊन त्यातील शैलींची नावे वापरावयास सांगितले, तर एकत्रीकरणाचे बहुतेक काम आपोआप पार पडते, ते याच नियमामुळे. नाव जुळले नाही, तर परकी शैली दस्तऐवजात शिरते आणि तेथेच राहते. वर्षानुवर्षे तीच फाइल पुढे ओढीत नेणाऱ्या कार्यालयांत शैलींची यादी अशीच लांबत जाते. साचा बदलल्याने त्यावरून पूर्वी तयार झालेल्या फाइली आपोआप बदलत नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. निर्मितीच्या वेळी साच्यातील शैलींची एक प्रत फाइलीत उतरते, आणि पुढे ती फाइल आपल्या प्रतीवरच चालते.

शैलीचा उपयोग केवळ देखणेपणापुरता नाही. अनुक्रमणिका आपोआप तयार होते ती मथळ्याची शैली लावलेल्या ओळींवरून. हाताने जाड व मोठी केलेली ओळ डोळ्यांना मथळा वाटते, पण यंत्राच्या लेखी तो साधा परिच्छेदच असतो. अनुक्रमणिकेत तो उतरत नाही. दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने पुस्तक ऐकतो, तेव्हा एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी घेण्याची सोय त्याला याच शैलींमुळे मिळते. खोट्या मथळ्यांच्या शंभर पानी पुस्तकात त्याला हवे ते प्रकरण गाठण्यासाठी सारे पुस्तक ऐकत बसावे लागते.

देवनागरीच्या विशेष अडचणी

इंग्रजीसाठी लिहिलेल्या सूचना भारतीय भाषांच्या बाबतीत अनेकदा अपुऱ्या पडतात. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी अक्षरवळणाच्या, म्हणजे फॉन्टच्या, अनेक नोंदी ठेवतो. रोमन अक्षरांसाठी नोंद निराळी. देवनागरी, बंगाली, तमिळ, अरबी अशा जटिल लिप्यांसाठी निराळी. अक्षराचे माप आणि ठळकपणा यांच्याही अशाच दोन दोन नोंदी असतात. साचा बनविणाऱ्याने रोमनची नोंद १२ केली आणि दुसरी तशीच राहू दिली, तर आज्ञा पाळूनही मराठी मजकूर निराळ्याच मापात उमटतो. पुष्कळदा पूर्णविराम, स्वल्पविराम आणि कंस ही दोन्हींत समाईक असलेली चिन्हे रोमन नोंदीप्रमाणे उमटतात व मराठी वाक्यात परकी दिसतात. साचा तयार करतानाच दोन्ही नोंदी भरणे हा यावरील उपाय. लिबरऑफिसच्या शैलीच्या चौकटीत जटिल लिप्यांचा भाग निराळा दाखविता येतो. वर्डमध्ये तो भाग अशी एखादी भाषा संगणकावर सुरू केल्यावरच दिसतो. साचा दिल्लीत बनो की बंगळूरात, त्यातून मराठी, हिंदी अथवा कन्नड मजकूर जाणार असेल तर ही तपासणी चुकवून चालत नाही.

ओळींच्या अंतराचे कोडेही असेच आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, तर खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असतात. त्यांसाठी किती जागा राखावी हे प्रत्येक फॉन्टचा कर्ता आपल्या मताने ठरवितो. म्हणून एकाच मापाचे दोन फॉन्ट शेजारी ठेवले, तर अक्षरांची उंची जुळत नाही, आणि चिकटविलेल्या चार शब्दांमुळे परिच्छेदातील एकच ओळ बाकीच्यांपासून दूर सरकते. अंतर ठरावीक करून टाकले तर ओळी सारख्या होतात, पण अंतर तोकडे पडल्यास वरच्या मात्रा छाटल्या जातात. खरा उपाय फॉन्ट एक करण्याचा. शिवाय फाइलीत साधारणतः फॉन्टचे केवळ नाव असते, फॉन्ट नसतो. ज्या संगणकावर तो नाही, तेथे दुसराच त्याची जागा घेतो.

मराठीची एक अडचण तर शेजारच्या हिंदीलाही नाही. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस. पहिल्यातील अर्धा र काही कळफलक र, हलन्त आणि एक शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह अशा तीन क्रमांकांनी लिहितात. मजकूर साफ करणाऱ्या काही साधनांना असली अदृश्य चिन्हे कचरा वाटतात व ती काढून टाकतात. मग त्या र चा रफार होतो आणि पंगतीचा खर्च आचाऱ्याऐवजी आचार्यांच्या नावे पडतो. नुक्ता असलेल्या ऱ ने तो लिहिला असेल, तर अदृश्य चिन्हाची गरज राहत नाही आणि हा धोका टळतो.

सर्वांत मोठी हानी होते ती जुन्या फाइलींची. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टांनी मराठी व हिंदीचे काम भागविले. त्यांची युक्ती अशी की, फाइलीत साठविले जाते रोमन अक्षर, पण फॉन्ट त्या जागी देवनागरीचा तुकडा रेखाटतो. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द प्रत्यक्षात मोठा एच, दोनदा के, मग जे आणि आर असा साठविलेला असतो. येथे मांडणी हा अक्षराचा पोशाख राहत नाही; अक्षराची ओळखच मांडणीत असते. असा मजकूर केवळ अक्षरे म्हणून साच्यात चिकटविला, किंवा कंट्रोल व स्पेस या कळांनी त्याची थेट मांडणी पुसली, की रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग उरतो. अहवाल, स्मरणिका व ग्रंथसूची यांची कित्येक वर्षांची पाने अशा फाइलींत आहेत, आणि युनिकोडमधील शब्द देऊन शोध घेतला तर त्यांतील एकही शब्द सापडत नाही.

त्यांच्यासाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. परंतु प्रत्येक फॉन्टची कोष्टके वेगळी असल्यामुळे कृतिदेवचे रूपांतरक शिवाजीस चालत नाही. कोणता शब्द मराठी आणि कोणता खरोखरीच इंग्रजी, हे सांगणारी साक्ष फाइलीत एकच असते, ती म्हणजे त्या शब्दास लावलेल्या फॉन्टचे नाव. मांडणी आधी पुसली तर ही साक्ष नष्ट होते, आणि मग रूपांतरक इंग्रजी शब्दांचीही देवनागरी करून टाकतो. म्हणून जुन्या फाइलीच्या बाबतीत नेहमीचा क्रम उलटवावा लागतो: प्रथम मूळ फाइलीची एक प्रत जपून ठेवावयाची, मग फॉन्टची नावे पाहून रूपांतर करावयाचे, रूपांतरित मजकुरातील जोडाक्षरे व पहिली वेलांटी ताडून पाहावयाची, आणि त्यानंतरच तो साच्यात आणावयाचा.

एरवीच्या मजकुरासाठी क्रम सोपा आहे. साच्याची नवी प्रत उघडावी; मजकूर लहान लहान भागांत, विभागखंड वगळून आणावा; आल्याबरोबर त्यास साच्यातील शैली लावावी. उरलेली थेट मांडणी वर्डमध्ये अक्षरांसाठी कंट्रोल व स्पेस आणि परिच्छेदासाठी कंट्रोल व क्यू या कळांनी, तर लिबरऑफिसमध्ये कंट्रोल व एम या कळांनी निघते. या कळा घातांकही खाली आणतात, हे ध्यानात ठेवून सूत्रे असलेल्या ओळी त्यातून वगळाव्या लागतात. चिकटविण्याच्या वेळी आपोआप कोणता पर्याय निवडला जावा, हे वर्डच्या प्रगत पर्यायांत एकाच दस्तऐवजासाठी, दोन दस्तऐवजांसाठी, शैलींची नावे जुळून व्याख्या वेगळ्या असतील त्या प्रसंगासाठी आणि अन्य प्रोग्रॅममधून येणाऱ्या मजकुरासाठी असे चार ठिकाणी ठरविता येते. अन्य प्रोग्रॅमसाठी ‘केवळ मजकूर’ आणि दोन दस्तऐवजांतील शैलींच्या व्याख्या वेगळ्या असतील त्या प्रसंगासाठी ‘नव्या जागेच्या शैली’ अशी निवड एकदा करून ठेवली, तर शाळेच्या कार्यालयातील बहुतेक कामास ती पुरते.